दोराकडे धावलेले

‘परतीचे दोर कापले’ असं आपण किती सहज म्हणतो. गावचं घर विकून बेलापूरला आलो, तेव्हा मीही म्हटलं होतं. हल्ली मात्र तो दोर डोळ्यांपुढून हलत नाही.

शाळेत ऐकलेली गोष्ट अशी. फेब्रुवारी १६७०. कोंढाण्यावर तानाजी पडला आणि मावळे ज्या दोरांनी वर चढले होते, त्यांच्याकडेच पळत सुटले. सूर्याजी आडवा आला, म्हणाला, दोर केव्हाच कापलेत. मावळे फिरले, गड आला. गुरुजींचा आवाज ‘फिरले’वर चढायचा, ‘पळत सुटले’ ते घाईनं उरकायचे. मला आता तिथंच थांबावंसं वाटतं. कड्याशी आधी पोचलेल्यानं अंधारात चाचपलं असेल. दोर नाही, हे त्याच्या बोटांना कळलं असेल. मग तो वळला ते शौर्यानं, की दुसरी वाटच उरली नव्हती म्हणून?

पोवाडा त्या बोटांपाशी रेंगाळत नाही. डफावर थाप पडते ती ऐकणाऱ्याची छाती भरून यावी म्हणून. भीती सांगायला विल्फ्रेड ओवेनसारखा कवी लागतो, असं मी धरून चाललो होतो. पहिल्या महायुद्धातला विषारी वायू, त्यात गुदमरणारी पोरं त्यानं कवितेत आणली. मनावर आघात झाला म्हणून एडिंबराच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात राहिला. त्याचा दोर कुणी कापला नव्हता. तरी १९१८मध्ये तो पुन्हा फ्रान्सला गेला आणि युद्ध थांबायला आठवडा उरला असताना, ४ नोव्हेंबरला मारला गेला. आपल्या पोरांसाठी आलोय, असं त्यानं आईला कळवलं होतं. मग दोर शाबूत असते, तरी काही मावळे फिरलेच असते का?

परवा आमच्या इमारतीच्या काचा पुसायला एक मुलगा दोरावरून उतरत आला. नवव्या मजल्यावर, माझ्या खिडकीसमोर. भीती नाही वाटत, मी विचारलं. “वाटते ना काका. म्हणून तर वर गाठीपाशी भावाला बसवतो.”

दिवसभर तो भाऊ मनातून गेला नाही. सूर्याजीही भाऊच. सख्खा भाऊ नुकताच पडलेला, आणि हा दोरावर तलवार चालवतोय. मराठीत कापणं म्हणजे तोडणं, कापणं म्हणजे थरथरणंही. दोर कापताना त्याचा हात कापला नसेल?

पोवाड्याला भीती ठाऊक नाही, असं लिहायला बसलो होतो. आता तसं म्हणवत नाही. पळणारे वगळले तर ती गोष्ट उभीच राहत नाही. पण ज्या भीतीवर ती उभी आहे, तिच्यापाशी आपण क्षणभरही का थांबत नाही, हेही मला उलगडत नाही.

दोराकडे धावलेल्यांतल्या एकाचंही नाव मला कुणी शिकवलं नाही. गड त्यांनीच घेतला.