तीन गुणांनी हरलेली ठासणी

नळीच्या तोंडातून दारू ठासून हजार यार्डांवर नेम धरणारी रायफल नेमकी कधी गेली, असं कोणी विचारलंच तर मी २६ सप्टेंबर १८७४ ही तारीख सांगेन. ठिकाण क्रीडमूर, न्यू यॉर्कजवळचं लाँग आयलंड. त्यानंतरही काही वर्षं ती मैदानात दिसत राहिली, पण ते दिसणं निवृत्त हेडमास्तरांनी गॅदरिंगला येऊन पुढच्या खुर्चीत बसावं तसं होतं. मान होता, काम नव्हतं. वीस वर्षांचंही आयुष्य धड लाभलं नाही तिला. तेवढ्यात तिने जे करून दाखवलं, ते तिच्याआधी कुठल्याही बंदुकीला जमलं नव्हतं.

आपल्याकडे ठासणीची बंदूक म्हटलं की कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या एखाद्या घरातली, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची, डुकरं-माकडं हाकलायला ठेवलेली बंदूक डोळ्यांपुढे येते. तिची नळी आतून गुळगुळीत, पोटात छर्रे, आणि काम मुख्यतः आवाजाचं. मी बोलतोय ती तिची इंग्लंड-आयर्लंडमधली दूरची बहीण. भरायची रीत तीच, पण नळीला आतून आटे आणि एका वेळी एकच गोळी.

तिचा जन्म मँचेस्टरमधला. जोसेफ व्हिटवर्थ हे नाव आपल्या वर्कशॉपमधल्या जुन्या फिटरला अजून ठाऊक असतं, कारण बोल्टच्या आट्यांचं पहिलं प्रमाण त्याने १८४१ मध्ये मांडलं. इंचाच्या दहा लाखाव्या भागापर्यंत मोजू शकणारं यंत्र बनवणारा हा माणूस. १८५४ च्या सुमारास सरकारने त्याला विचारलं, एन्फिल्ड रायफली यंत्रांवर कशा बनवता येतील? त्यावर त्याने उलट विचारलं की रायफलची नळी मुळात कशी असायला हवी, हे कोणाला माहीत आहे का? कोणालाच माहीत नव्हतं. मग सरकारी खर्चाने त्याच्या रशोममधल्या घराजवळ ५०० यार्ड लांबीची बंदिस्त शेड उभी राहिली. आत वारा शिरू नये हा हेतू. वाऱ्याने पहिल्यांदा ती शेडच पाडली, ती पुन्हा बांधावी लागली.

त्या शेडमधून जी नळी निघाली, ती आतून षटकोनी होती. व्यास ०.४५१ इंच, म्हणजे एन्फिल्डच्या ०.५७७ पेक्षा बराच अरुंद. एन्फिल्डच्या आट्यांना एक वेढा पुरा करायला ७८ इंच लागत, व्हिटवर्थच्या नळीत तो २० इंचांतच पुरा होई. लांबट, जड गोळीला स्थिर ठेवायचं तर तिला जोरात फिरवलं पाहिजे, हे गणित त्याने प्रयोगाने पक्कं केलं. एप्रिल १८५७ मध्ये केंटमधल्या हाइद इथे दोन्ही रायफली समोरासमोर आल्या. ५०० यार्डांवर एन्फिल्डची गोळी सरासरी सव्वादोन फूट भरकटली, व्हिटवर्थची साडेचार इंच. १४०० यार्डांवर एन्फिल्डचा नेम लागलाच नाही.

त्याच एप्रिलमध्ये त्याच एन्फिल्डच्या काडतुसांवरची चरबी हिंदुस्थानात पलटणीपलटणीत चर्चेचा विषय झाली होती. मार्चअखेरीस बराकपूरला मंगल पांडे उठला, १० मे रोजी मीरत पेटलं. हाइदच्या मैदानावर जिची पीछेहाट झाली, तिच्याच काडतुसाने एका साम्राज्याचा पाया हलवला. लष्कराने मात्र व्हिटवर्थला नकारच दिला. नळी फार अरुंद आहे, लवकर काजळते आणि महाग पडते, अशी कारणं होती. ती खोटी नव्हती. व्हिटवर्थच्या काही रायफली पुढे अमेरिकेच्या यादवीत दक्षिणेकडच्या नेमबाजांच्या हाती पडल्या. मे १८६४ मध्ये स्पॉटसिल्व्हेनियाला उत्तरेचा जनरल सेजविक दुरून आलेल्या ज्या गोळीने पडला, ती व्हिटवर्थचीच होती असं मानलं जातं. श्रद्धांजली वाहताना हेही लिहायला हवं. ही शेवटी बंदूकच होती.

पण तिचं खरं घर रणांगण नव्हतं, ते होतं लंडनबाहेरचं विम्बल्डन कॉमन. टेनिसच्या आधी विम्बल्डन नेमबाजीसाठी गाजत होतं, हे आता तिथल्यांनाही सांगावं लागत असेल. २ जुलै १८६० रोजी राष्ट्रीय रायफल संघटनेच्या पहिल्या मेळाव्यात व्हिक्टोरिया राणीने पहिला बार उडवला. ४०० यार्डांवर गोळी मध्यापासून दीड इंचाच्या आत लागली आणि जयजयकार झाला. राणीने केलं एवढंच की एक रेशमी दोरी ओढली. लोखंडी बैठकीवर रायफल घट्ट बसवून नेम धरला होता व्हिटवर्थने, बारही आधीच भरलेला होता. मला हा प्रसंग फारसा आवडत नाही. ह्या रायफलीचं सगळं मोठेपण बार भरणाऱ्या माणसात होतं, आणि गाजली ती दोरी.

तो बार कसा भरला जाई, ते जरा सावकाश पाहू.

काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. शंभर भागांत ७५, १५ आणि १०. ब्रिटिश दारूतला सोरा बहुतांशी बिहारातून, गंगेकाठच्या मातीतून काढलेला. नेमबाज ही दारू आधी चाळून घेई, कारण भुकटी आणि दाणे एकत्र जळले तर प्रत्येक बार निराळा. मग वजन. ग्रेन म्हणजे साधारण अर्धी गुंज. एका बाराला ८० ते १०० ग्रेनच्या घरात दारू लागे, आणि ती सोनाराच्या तराजूला शोभेल अशा काट्यावर घरीच तोलून एकेका बाराची वेगळी कुपी भरून ठेवली जाई. गोळी सुमारे ५३० ग्रेनची, तीन तोळ्यांना जराशी कमी. नुसतं शिसं मऊ पडतं म्हणून त्यात थोडं कथील. ओतल्यावर प्रत्येक गोळी तोलायची, आणि जिच्या पोटात हवेचा बुडबुडा राहिला असेल ती वजनाला कमी भरते म्हणून परत मुशीत टाकायची. मग तिच्याभोवती पातळ कागदाचे नेमके दोन वेढे. शिशाचा नळीला स्पर्श होऊ नये हा उद्देश. नळीबाहेर पडताच तो कागद फाटून उडून गेला पाहिजे. उडाला नाही तर गोळी गेली भलतीकडे.

मैदानावर पहिल्यांदा बाराला ठिणगी देणाऱ्या एक-दोन टोप्या नुसत्याच फोडायच्या, म्हणजे निपलमधलं, टोपी जिच्यावर बसते त्या बोंडातलं, तेल जळून जातं. मग दारू थेट नळीत ओतायची नाही. पितळेची लांब नळकांडी आत सोडून तिच्यातून ओतायची, म्हणजे एकही दाणा वाटेत भिंतीला चिकटत नाही आणि सगळी दारू तळाशी पोहोचते. तिच्यावर पुठ्ठ्याची चकती, तिच्यावर मेण आणि चरबीची. वर गोळी, आणि गजाने ती हळूच खाली. नाव ठासणी असलं तरी इथे ठासायचं मुळीच नसतं. जोर लावला तर दाणे चुरतात आणि गोळीचं नाक चेपतं. गजावर एक खूण असे, ती नळीच्या तोंडाशी आली की थांबायचं. खूण वर राहिली तर गोळी अजून दारूवर टेकली नाही, आणि मधली ती पोकळी नळी फोडू शकते. शेवटी निपलवर टोपी, आणि मग कुठे आडवं पडायचं.

बार उडाला की सगळं पहिल्यापासून. त्यातही एक कटकट वेगळीच. काळी दारू जळून जे उरतं, त्यातलं निम्म्याहून अधिक घन असतं, आणि ते नळीत थराने बसतं. दमट दिवशी हा थर मऊ राहतो, कोरड्या उन्हात खरपुडीसारखा कडक होतो. म्हणून दोन बारांच्या मध्ये ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने नळी पुसायची, दर वेळी सारखीच. त्या दिवशीची हवा नळीच्या आत काय करते आहे, ते नेमबाजाच्या हाताला गजातून कळत असे. लक्ष्यावरचा नेम डोळा धरतो खरा, पण त्याआधीचा अर्धा नेम हात धरून मोकळा झालेला असतो. हजार यार्डांवर गोळी पोहोचायला सुमारे तीन सेकंद घेते, वाटेत दहा मीटरहून अधिक उंच चढून उतरते, आणि एवढ्या वेळात वारा तिला वाटेल ते शिकवू शकतो. वाऱ्यावर कोणाचा ताबा नाही. म्हणूनच दारू-गोळीत तरी फरक राहू द्यायचा नाही, असा हा हट्ट.

अमेरिकेत ह्या हट्टाने आणखी एक टोक गाठलं. गोळी आत शिरताना जराशी तिरकी झाली तर पुढे सगळंच तिरकं, म्हणून आल्व्हन क्लार्क नावाच्या मॅसॅच्युसेट्समधल्या चित्रकाराने १८४० मध्ये खोट्या तोंडाचं पेटंट घेतलं. नळीच्या टोकाचा एक तुकडा कापून खिळ्यांनी परत बसता करायचा, त्यातून कागदासह गोळी सरळ आत घालायची, आणि बार उडवण्याआधी तो काढून ठेवायचा. नळीच्या खऱ्या कडेला गज कधी घासतच नाही. हाच क्लार्क पुढे दुर्बिणीच्या भिंगांसाठी जगात गाजला. त्याच्या मुलाने १८६२ मध्ये व्याधाचा अंधुक जोडीदार पहिल्यांदा पाहिला, तो ह्याच घरात घडलेल्या भिंगातून.

आता क्रीडमूर. १८७३ मध्ये विम्बल्डनची एल्को ढाल जिंकल्यावर आयरिश संघाने अमेरिकेला आव्हान दिलं. दोन्हीकडे सहा-सहा नेमबाज. ८००, ९०० आणि १००० यार्डांवर प्रत्येकी पंधरा बार. लोखंडी लक्ष्य, मध्ये तीन फुटांचा काळा चौकोन, त्याला चार गुण. आयरिशांकडे डब्लिनच्या जॉन रिग्बीच्या ठासणीच्या रायफली, आणि संघात खुद्द रिग्बी. अमेरिकनांकडे मागून भरायच्या रेमिंग्टन आणि शार्प्स. आयरिशांचे बार संपले तेव्हा ते एका गुणाने पुढे होते आणि अमेरिकेचा एकच बार उरला होता. तो उडवणाऱ्या कर्नल बोडाइनचा हात थोड्याच वेळापूर्वी फुटलेल्या बाटलीने कापलेला. रक्ताळलेल्या हाताला रुमाल गुंडाळून त्याने तो काळ्या चौकोनात मारला. ९३४ विरुद्ध ९३१.

बोडाइनची गोष्ट सगळे सांगतात. मला मिल्नर आठवतो. ह्या आयरिश नेमबाजाने सामन्यात एक गोळी अगदी काळ्यात मारली होती, पण शेजारच्या लक्ष्यावर. गुण शून्य. ते चार मिळाले असते तर ९३५. म्हणजे ठासणीची रायफल त्या दिवशी नेमात कमी पडली नव्हती, हे कागदावर आहे. तरी ती संपली. मागून भरायच्या रायफलीत पडल्या पडल्या बार भरता येतो, आणि ठासणीवाल्याला दर वेळी उठून उभं राहावं लागतं. हजार यार्डांच्या लांबलचक सामन्यात दमणं हेही मोजलं जातं. तीन वर्षांनी सर हेन्री हॅलफर्ड ब्रिटिश संघ घेऊन ठासणीच्याच रायफलींसह क्रीडमूरला उतरले आणि मोठ्या फरकाने हरले. मग कोणी वाद घातला नाही.

न्यायाचं सांगायचं तर जिंकणारेही आपले बार हातानेच भरत होते, नळी पुसतही होते. हॅरी पोप नावाचा नळी-कारागीर तर विसाव्या शतकात शिरल्यावरही दारू मागून आणि गोळी तोंडातून घालत असे, क्लार्कच्या खोट्या तोंडानेच. आजही हौशी मंडळींची जागतिक स्पर्धा भरते आणि तिच्या एका प्रकाराला व्हिटवर्थचं नाव आहे. पण ती हौस. पट्टीचा नेमबाज म्हणजेच पट्टीचा बार भरणारा, हे समीकरण कारखान्यातून बंद काडतुसाची पेटी यायला लागल्यावर राहिलं नाही. पेटीतला बार चांगला नव्हता असं नाही. तो दुसऱ्या कोणाचा तरी होता.

ज्यांनी ही विद्या वाढवली, त्यांनीच पुढची बंदूकही घडवली. रिग्बी १८८७ मध्ये एन्फिल्डच्या सरकारी कारखान्याचा प्रमुख झाला. दुसरा विल्यम मेटफर्ड. १८५७ मध्ये रेल्वेचा इंजिनिअर म्हणून तो हिंदुस्थानात आला, बंडाच्या धामधुमीत मुंगेरच्या बचावाची आखणी करताना तब्येत बिघडून वर्षभरात परतला, आणि मग त्याने उथळ आट्यांच्या ठासणीच्या रायफली बनवल्या. काजळी साचू नये, पुसली की निघावी, हाच त्या उथळपणाचा हेतू. १८८८ मध्ये ब्रिटिश लष्कराने घेतलेल्या नव्या रायफलीत, ली-मेटफर्डमध्ये, ते उथळ आटे आले. काही वर्षं बरी गेली. मग काळ्या दारूच्या जागी बिनधुराचं कॉर्डाइट आलं. त्याला काजळी जवळजवळ नव्हती, पण आच इतकी की मेटफर्डचे आटे झिजून जाऊ लागले. १८९५ मध्ये त्यांच्या जागी एन्फिल्डचे खोल आटे बसवले आणि रायफलीचं नाव ली-एन्फिल्ड झालं. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर दशकानुदशकं दिसलेली थ्री नॉट थ्री त्याच घराण्यातली.