सुईवाचून गाणे

आमच्या भंडारा-गोंदियाच्या मुलखात पळसाच्या कोवळ्या फांद्यांवर एक बारीक किडा रस शोषून आपल्याभोवती राळेसारखे कवच करितो, तीच लाख. (लाखोरीच्या डाळीशी तिचा काही संबंध नाही, हे बालवाचकांनी ध्यानी घ्यावे!) हिंदुस्थानची लाख एके काळी जगभर जात असे व तिचा पुष्कळ भाग ग्रामोफोनच्या तबकड्यांत खर्च होई. विनाइलच्या तबकड्या मागाहून आल्या. मिनिटास ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी लाखेचीच. तेव्हा मोहाडीतील कोणी ग्रामोफोनला परदेशी वस्तू म्हणू लागला, तर आम्ही त्यास पळसाचे झाड दाखवितो.

या लाखेत दगडाची भुकटी व काजळी मिसळीत. भुकटीवर घासून पोलादी सुईचे टोक चराच्या मापाचे व्हावे, असा त्यातील एक हेतू होता. म्हणून दर बाजूस नवी सुई लावावी, असा नियम असे. काटकसरी घरांत एकच सुई आठवडाभर चाले, हे सांगणे नलगे. झिजलेली सुई मग चरच कोरू लागते. जी तबकडीस बोलते करिते, तीच तिचा आवाज थोडाथोडा खाते. आमच्या आजोबांच्या संग्रहातील अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी अशीच झाली आहे. खरखर पुढे आणि सूर मागे. खाँसाहेब १९३७ साली निवर्तले. उरलेले ऐकावे की राखावे, यावर आमच्या घरी मतभेद आहे. मातोश्री म्हणतात, ‘‘न ऐकता राखलेले गाणे कोणाच्या कामाचे?’’ याचे उत्तर आम्हांस अद्यापि सुचलेले नाही.

सुईचा स्पर्शच टाळता आला तर? १९८० नंतरच्या दशकात फिनियल नामक अमेरिकन कंपनीने लेसर किरणांनी चर वाचणारे यंत्र सिद्ध केले. पुढे जपानच्या ईएलपी कंपनीने ते विक्रीस आणिले. चराच्या दोन्ही भिंतींवर किरण पडतात, भिंतींच्या वळणाप्रमाणे ते परावर्तित होतात, व त्या हेलकाव्यांचा आवाज बनतो. तबकडीस ओरखडाही उठत नाही. परंतु प्रकाशास धूळ व स्वर यांतील भेद कळत नाही. सुई धुळीचा कण बाजूस सारिते. किरण तोही इमानाने वाजवितो. यासाठी तबकडी आधी स्वच्छ धुवावी लागते. शिवाय ती काळीच हवी. रंगीत वा पारदर्शक तबकडी या यंत्रास वाचता येत नाही. आणि किंमत! लाखेच्या तबकडीसाठी लाखांचे यंत्र घेणे शिक्षकाच्या आवाक्यातील नव्हे.

आम्हांस याहून आश्चर्य वाटते ते कॅलिफोर्नियातील बर्कले प्रयोगशाळेच्या कार्ल हेबर व विटाली फडेयेव या शास्त्रज्ञांच्या रीतीचे. ते तबकडी वाजवीतच नाहीत. चराची सूक्ष्म छायाचित्रे घेऊन गणकयंत्राकडून त्यांतील आवाज काढवितात. पॅरिस येथे १८६० साली काजळी लावलेल्या कागदावर केवळ रेषेच्या रूपाने उमटलेले गाणे २००८ साली याच रीतीने ऐकू आले. फुटक्या तबकडीचे तुकडेही चित्रात जुळविता येतात.

आजोबांच्या संग्रहात एक तबकडी दोन तुकड्यांची आहे. तिच्यावरील नावाचा कागद कसरीने खाल्ला आहे. गाणे कोणाचे, हे मातोश्रींनाही ठाऊक नाही. ते दोन तुकडे आम्ही धुऊन, मऊ फडक्यात वेगवेगळे गुंडाळून ठेविले आहेत.