आईला घेऊन मोठ्या बोटीत

मुंबईत राहून बॅलार्ड पिअरचे नाव ऐकले नाही असा माणूस विरळा. पण तेथून प्रवासी म्हणून बोटीत चढलेली माणसे आपल्या नात्यागोत्यात किती, असे विचारले तर बहुतेकांना बोटे मोजायची वेळ येत नाही. आपल्या घरातील माणसे त्या भागात गेली ती कामाला. कोणी गोदीत पोती वाहिली, कोणी रेल्वेच्या वाघिणी भरल्या, कोणी जहाजाचा गंज खरवडून त्याला रंग दिला. बोट भरून द्यायची आणि संध्याकाळी लोकलने घरी यायचे. पुढे ती बोट कुठे जाते, याच्याशी आपला संबंध नसे.

फिरायला जाणे ही गोष्टही आपल्याकडे उशिराच आली. आपला प्रवास म्हणजे नागपूरची दीक्षाभूमी, दादरची चैत्यभूमी, गावची जयंती, लग्न आणि मयत. फार तर शाळेच्या सहलीत अजिंठा-वेरूळ. काही काम नसताना, निव्वळ विश्रांतीसाठी चार दिवस कुठे जाऊन राहावे असे मनात आले, तरी पाठोपाठ दुसरा विचार येतोच, की एवढ्या पैशात घरात काय काय झाले असते! गेल्या हिवाळ्यात हा दुसरा विचार बाजूला ठेवून मी, सौ., आमची मुलगी आणि ऐंशी वर्षांची माझी आई असे चौघे मुंबई-गोवा-मुंबई अशी तीन रात्रींची समुद्रसफर करून आलो. आमच्या घराण्यातली ही पहिलीच अशी सुट्टी. ज्यांना जावेसे वाटेल त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हकिगत थोडी सविस्तर सांगतो.

रजा कशासाठी असते?

कल्पना मुलीची. ती परिचारिका आहे. पैसेही बरेचसे तिनेच घातले. सौ. तयार झाली, पण आई काही केल्या ऐकेना. "माझ्या जिवाला इथं काय कमी आहे? म्हातारपणी हे चोचले कशाला?" हे तिचे ठरलेले उत्तर.

शेवटी नातच तिला म्हणाली, "आजी, बाबासाहेबांनी कामगाराला पगारी रजा दिली ती काय घरी बसून डाळ निवडायला?"

मुलीचे म्हणणे हवेतले नव्हते. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब मजूरमंत्री होते. कारखान्यातील कामगारांना पगारी रजा देणारे दुरुस्ती विधेयक त्यांनी नोव्हेंबर १९४४ मध्ये मांडले आणि १९४५ साली त्याचा कायदा झाला. बारा महिने सलग काम केलेल्या प्रौढ कामगाराला दहा दिवसांची पगारी रजा, अशी ती तरतूद होती. स्वतः बाबासाहेबांनी मुंबईहून अनेकदा समुद्रप्रवास केला, पण तो शिक्षणासाठी आणि समाजाच्या कामासाठी. ४ ऑक्टोबर १९३० रोजी ते गोलमेज परिषदेला निघाले ते 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' या बोटीने. त्यांच्या वाट्याला विश्रांती फारशी आली नाही. कामगाराच्या वाट्याला ती यावी, याची तजवीज मात्र त्यांनी करून ठेवली.

आईने एकतीस वर्षे इस्पितळात आयाचे काम केले. तिला रजा नव्हती असे नाही. पण तिच्या रजा गेल्या त्या आमच्या बाळंतपणांत, आमच्या दुखण्यांत आणि गावच्या मयतींत. नातीचे बोलणे ऐकून ती गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी तिने विचारले, "तिथं थंडी असते का रे?" आम्ही ओळखले की ती येणार.

बोट केवढी असते?

आम्ही गेलो ती कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस'. १९९० साली फ्रान्समधील सेंट नाझेर येथे बांधलेली ही बोट अनेक वर्षे अमेरिकेच्या आसपासच्या समुद्रात फिरली आणि सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून सफरी करू लागली. लांबी सुमारे २१० मीटर आणि आकारमान ४८,००० टनांहून अधिक. हे टन म्हणजे वजन नव्हे, ते बोटीच्या आतील बंदिस्त जागेचे मोजमाप. सुमारे अठराशे प्रवासी मावतात, म्हणजे एखादे मोठे गावच झाले. तरीही जगातल्या आजच्या बोटींपुढे ही लहानच म्हणायची. जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या सफरीला निघालेली 'आयकॉन ऑफ द सीज' ही बोट ३६५ मीटर लांब असून तिच्यात साडेसात हजारांवर प्रवासी मावतात.

बॅलार्ड पिअरला नवे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल झाले आहे. २० सप्टेंबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले. चढण्याची पद्धत विमानतळासारखीच. सामान तपासून आधी घेतात आणि ते नंतर खोलीच्या दाराशी येते. ओळखपत्र पाहून प्रत्येकाला एक कार्ड देतात. तेच खोलीची किल्ली, तेच बोटीवरचे पैशाचे पाकीट.

संध्याकाळी बोट धक्क्यापासून सुटली तेव्हा सगळे कठड्याशी गर्दी करून फोटो काढत होते. आई मात्र गोदीकडे तोंड करून उभी. बॅलार्ड पिअरला लागूनच इंदिरा गोदी आहे. आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, तेथे हातात लोखंडी आकडा घेऊन पोत्यांचे काम करत. "ह्या भिंतीच्या पलीकडंच ना तुझे आण्णा असायचे?" तिने विचारले. मी हो म्हणालो. "त्यांनी किती बोटी भरल्या असतील!" एवढेच ती बोलली आणि पुढे गर्दीत जाऊन नातीबरोबर फोटोला उभी राहिली.

बाहेरून आणि आतून

बोट सुटण्याआधी सर्वांना आपत्कालीन कवायत करावी लागते. सात वेळा आखूड आणि एकदा लांब भोंगा वाजला की आपापल्या ठरलेल्या जागी जमायचे, जीवरक्षक जाकीट कसे घालायचे आणि आपली होडी कोणती हे समजून घ्यायचे. काही प्रवासी कंटाळून टिंगल करतात. त्यांनी इतिहास आठवावा. १९१२ साली 'टायटॅनिक' बुडाली, त्यानंतर १९१४ मध्ये समुद्रावरील सुरक्षिततेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. जानेवारी २०१२ मध्ये इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आपटून ३२ माणसे गेली. नुकत्याच चढलेल्या बऱ्याच प्रवाशांची कवायत तेव्हा व्हायचीच होती. त्यानंतर नियम कडक झाला. आपल्याकडे १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली, हे कोकणातील जुनी माणसे अजून विसरलेली नाहीत. आईने जाकीट अगदी मनापासून बांधून घेतले.

बोट लागेल ही तिची दुसरी भीती. त्यासाठी डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घ्यावी, पोट रिकामे ठेवू नये, फार भरूही नये आणि मळमळले तर खोलीत पडून न राहता डेकवर येऊन दूर क्षितिजाकडे पाहावे. मोठ्या प्रवासी बोटींना बहुधा पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात, त्यामुळे डोलणे कमी होते. खोली बोटीच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घेतली तर हेलकावे आणखी कमी जाणवतात. आम्हा चौघांपैकी कोणालाच त्रास झाला नाही.

आत काय नाही? नाट्यगृह, पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, मुलांची खेळण्याची जागा, गाणी-बजावणी, दिवसभर खाणे. जुगाराचा अड्डाही आहे. तिकडे जायचे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, आम्ही गेलो नाही. आईला नवल वाटले ते साध्या गोष्टींचे. एवढ्या माणसांना आंघोळीला पाणी कुठून येते? मोठ्या बोटींवर समुद्राचेच पाणी गोडे करतात, हे ऐकून ती म्हणाली, "आणि गावाला आम्ही दोन हंड्यांसाठी दरड उतरायचो!"

अंथरूण कोणी घालायचे?

खरी गंमत झाली ती खोलीत. खोली आवरायला येणारा मुलगा गोव्याचा. बोटीवर नोकरी करणाऱ्याला तिकडे तारवटी म्हणतात. पहिल्या सकाळी तो आला तर आईने स्वतःची चादर काढून, कोपरे ताणून, पलंग लख्ख करून ठेवलेला. तो हसून म्हणाला, "आजी, तुम्ही माझं काम करून टाकलंत."

आई म्हणाली, "एकतीस वर्षं हेच केलं बाबा. वॉर्डात चाळीस खाटा असायच्या."

त्यावर त्याने चादरीचे कोपरे पाहिले आणि म्हणाला, "आमच्या साहेबांपेक्षा चांगले घातलेत." दोघांची गट्टी जमली. तो आला की आई विचारी, "जेवलास का?" तो सांगे, "आमचं जेवण खाली असतं, आजी."

त्या 'खाली'बद्दल वाचकांनी थोडे समजून घ्यावे. वर आपण मजा करतो तेव्हा प्रवाशांच्या दृष्टीआड शेकडो माणसे राबत असतात. इंजिन, स्वयंपाकघर, धुलाई चोवीस तास चालते. एकेका कराराला कित्येक महिने घर दिसत नाही. बोटीवरील कामगारांसाठी २००६ साली आंतरराष्ट्रीय करार झाला, तो २०१३ मध्ये अमलात आला आणि २०१५ मध्ये भारताने त्याला मान्यता दिली. कामाचे आणि विश्रांतीचे तास मोजण्याची त्यात तरतूद आहे. विश्रांतीच्या तासांवर हिशेब ठेवला, तर चोवीस तासांत किमान दहा आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळालीच पाहिजे. म्हणजे आपल्या सुट्टीत राबणाऱ्याची विश्रांतीही कायद्यानेच राखावी लागते. तेव्हा अशा मुलांशी चार शब्द नीट बोलावे, खोलीत पसारा करू नये आणि जमेल ते हातावर ठेवावे.

दुसऱ्या दिवशी मुरगाव बंदरात उतरून बसने गोवा पाहिला. त्याचे वर्णन करत नाही. गोव्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. तिसरा पूर्ण दिवस पाण्यावर. त्या सकाळी मी आईच्या खोलीत गेलो तर चादर विस्कटलेली, उशी खाली पडलेली आणि आई खिडकीशी चहा घेत बसलेली. मी पलंगाकडे पाहिले. ती म्हणाली, "राहू दे. येईल तो."

माझ्या आठवणीत आईला अशी बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

त्या रात्री ती डेकवर बराच वेळ थांबली. १९६६ साली लग्नानंतर ती दाभोळहून कोकणच्या बोटीनेच मुंबईत आली होती. किनाऱ्यावरून पडावात बसायचे, हलत्या पडावातून बोटीत चढायचे आणि डेकवर गाठोड्याला टेकून रात्र काढायची. पहाटे भाऊचा धक्का. मुलीने मोबाईलमधला नकाशा उघडून दाखवला, "आजी, हा ठिपका म्हणजे आपण, आणि हे दाभोळ." किनारा काही दिसत नव्हता. दूर मच्छीमारांचे दिवे होते. आईने त्या अंधाराकडे पाहत सांगितले, "तेव्हा मी सगळी रात्र रडले होते. समुद्र बघितलाच नाही."

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

पहिली गोष्ट पैशाची. आमच्या एजंटाने फक्त खोलीचा दर सांगितला. कर, बंदराचे शुल्क आणि सेवाशुल्क मागाहून निघाले. म्हणून एकूण किती, हे लेखी घेतल्याशिवाय पैसे भरू नका. रोजचे जेवण तिकिटात असते. मद्य, इंटरनेट आणि गोव्यातील बस यांचे पैसे बहुधा वेगळे. शनिवार-रविवार सोडून तारीख घेतली तर दर कमी पडतात. बिनखिडकीची खोली सर्वांत स्वस्त. म्हातारे माणूस बरोबर असेल तर खिडकीसाठी थोडे जास्त मोजावे.

दुसरी गोष्ट सामानाची. प्रत्येकाचे मूळ ओळखपत्र, रोजची औषधे हातातल्या पिशवीत, न घसरणारी चप्पल आणि वाऱ्यासाठी एक शाल. घरचे डबे, इस्त्री, किटली आत नेऊ देत नाहीत.

तिसरी गोष्ट मोसमाची. अरबी समुद्र शांत असतो तो नोव्हेंबर ते मार्च. पावसाळ्याच्या तोंडाचे दिवस टाळावेत.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मुले मोठी झाल्यावर, कर्ज फिटल्यावर, घराला रंग दिल्यावर जाऊ, असे म्हणत आमचे आण्णा गेले. बोट परवडत नसेल तर अलिबागला जा, महाबळेश्वरला जा, पण घरातील ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याचे अंथरूण घातले त्याला चार दिवस तरी काही करू देऊ नका. रजेचा अर्ज मात्र आधी द्या.