बावीस ओसऱ्या

परदेशी मुलाकडे गेलेल्या बापाला उद्योग दोनच. सकाळी खिडकीतून रिकामा रस्ता पाहायचा, आणि संध्याकाळी पुण्यात आत्ता किती वाजले असतील ह्याचा हिशेब करायचा. ह्यूस्टनच्या मुक्कामात तिसऱ्या आठवड्यालाच मला ह्या दोन्हींचा कंटाळा आला. तेव्हा सूनबाई म्हणाली, "बाबा, चला, आज तुम्हांला एक जुनी वस्ती दाखवते."

"जुनी म्हणजे किती जुनी?" मी पुणेरी तोऱ्यात विचारलं.

थर्ड वॉर्ड हा तिथला कृष्णवर्णीयांचा जुना भाग. टेक्ससमध्ये गुलामगिरी संपल्याची द्वाही फिरली 1865 च्या 19 जूनला. तो दिवस दरवर्षी साजरा करता यावा म्हणून मुक्त झालेल्या माणसांनी 1872 साली पैसे गोळा करून इथं दहा एकर जमीन विकत घेतली. ती बाग अजून आहे. उत्सवासाठी वर्गणी, हे ऐकून माझा तोरा जरा उतरला.

होल्मन स्ट्रीटवर गाडी थांबली. समोर पांढऱ्या लाकडी घरांची ओळ. खोल्या एकामागे एक, दारं सरळ रेषेत. पुढच्या दारातून झाडलेली गोळी मागच्या दारानं निघून जाईल, म्हणून ह्यांना 'शॉटगन' घरं म्हणतात म्हणे. मला बंदूक दिसली नाही. घरापुढच्या ओसऱ्या तेवढ्या दिसल्या, आणि आमचा सदाशिव पेठेतला वाडा आठवला.

ही बावीस घरं एके काळी ओस पडून पाडण्याच्या बेतात होती. रिक लो हा चित्रकार तेव्हा गरिबीची, अन्यायाची चित्रं काढी. एकदा त्याच्याकडे आलेला शाळकरी मुलगा म्हणाला, आमची दुःखं आम्हांला ठाऊक आहेत. तुम्ही कलावंत, मग उपाय का नाही काढत? प्रश्न वर्मी लागला. इथंच शिकवणाऱ्या जॉन बिगर्स ह्या थोर चित्रकारानं ह्याच साध्या घरांना आपल्या चित्रांत मानाचं पान दिलं होतं. त्यातून लोला वाट दिसली. सात कृष्णवर्णीय कलावंत एकत्र आले आणि 1993 साली 'प्रोजेक्ट रो हाउसेस' सुरू झाला. स्वयंसेवकांनी केर काढला, रंग लावला. काही घरांत कलावंत येऊन आपली कला मांडू लागले. काही घरं, एकटीनं मूल वाढवत शिकणाऱ्या तरुण आयांना मिळाली. पुढं परवडणाऱ्या भाड्याची नवी घरं झाली. 1939 सालचं एल्डोराडो बॉलरूम 1999 साली संस्थेकडे आलं, आणि दुरुस्त होऊन 2023 साली पुन्हा गाण्यानं भरलं.

एका ओसरीवर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. मी कौतुक केलं, तशी त्यांनी हसून रस्त्यापलीकडच्या नव्या तिमजली घरांकडे बोट दाखवलं. शहराचा मध्य इथून जवळ. वस्ती सजली, तशी जमीनही महागली. घरं वाचली, पण माणसं टिकवण्याचं काम अजून चालूच आहे.

मी गप्प झालो. आमचा वाडा पाडायच्या कागदावर पहिली सही माझी होती. मागच्या खोलीतल्या काकू तेव्हा म्हणाल्या होत्या, "फ्लॅट मिळेल रे, पण ओसरीवर कोण बसेल?" मी हसलो होतो. काकूंना चौथ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. पाच वर्षं त्या बंद दारामागं राहिल्या. गेल्या, तेही आम्हांला दुसऱ्या दिवशी कळलं.

आम्हांला कुणी मोडता घालू नका असं सांगितलं नव्हतं, की वाचवा असंही. पण विचारणारं एक माणूस घरातच होतं, हे खरं.

परत आल्यापासून संध्याकाळी मी फ्लॅटच्या दाराबाहेर दोन खुर्च्या मांडतो. सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्या दोनदा आत घ्यायला लावल्या. तिसऱ्यांदा सांगायला आले, तेव्हा पाय दुखत होते म्हणून जरा टेकले. चहा घेऊन गेले.