उत्तनहून भिलाईला

उत्तन, रविवार

ती. अण्णांस,

पोचले, तब्येत ठीक आहे. भाईंदर पश्चिमेहून बसने मुर्धा, राई, मोर्वा ओलांडत इथे आले. बंदराजवळ वलांड्यांवर, म्हणजे बांबूच्या मांडवांवर, बोंबील सुकत होते आणि शेजारी एक मावशी जाळ्यातून दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं, थर्माकोलचे तुकडे काढत बसल्या होत्या. डोल जाळं भरती-ओहोटीच्या ओढीवर उभं असतं, त्यामुळे पाणी जे आणेल ते त्यात शिरतं. मासळी निवडायच्या आधी हा कचरा निवडावा लागतो, त्या वेळेचे पैसे कोण देणार, असं त्यांनी मला विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

वर धावगीच्या डोंगरावर शहराचा कचरा जातो. तिथे आगी लागतात आणि धूर गावात उतरतो. उघड्यावर, कमी उष्णतेवर प्लास्टिक धुमसलं की त्यातून डायॉक्सिनसारखी विषं निघतात. तेच प्लास्टिक तुमच्या भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या झोतभट्टीत गेलं तर?

तुम्ही हसाल, पण हे जगात झालेलं आहे. जर्मनीत ब्रेमेनच्या पोलाद कारखान्याने १९९० च्या दशकाच्या मध्यात हे सुरू केलं. जपानमध्ये एनकेके कंपनीने, म्हणजे आजच्या जेएफईने, कावासाकीच्या भट्टीत १९९६ साली. टुयरमधून, म्हणजे भट्टीच्या खालच्या बाजूच्या हवेच्या तोंडांतून, कोळशाची पूड मारतात, तसे प्लास्टिकचे दाणे गरम हवेबरोबर आत सोडायचे. टुयरसमोर दोन हजार अंशांच्या आसपास उष्णता असते. तिथे दाण्यांचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन होतो आणि हे दोन्ही वायू लोहखनिजातला ऑक्सिजन ओढून घेतात. पॉलिथीनमध्ये वजनाने सुमारे १४ टक्के हायड्रोजन असतो. तो ऑक्सिजन घेतो तेव्हा कार्बन डायऑक्साइड नव्हे, पाण्याची वाफ बाहेर पडते.

आईला नमस्कार.

आपली,
वासंती


भाईंदर पूर्व, गुरुवार

ती. अण्णांस,

प्लास्टिक कोकची, म्हणजे भाजलेल्या कोळशाची, जागा पुरती घेऊ शकणार नाही, हा तुमचा फोनवरचा आक्षेप बरोबर आहे. कोक उष्णता देतो, वायू देतो, पण वरचा सगळा माल तोलूनही धरतो. प्लास्टिक पहिली दोन कामं करील, तिसरं कधीच नाही. म्हणून ते कोकचा काही भागच वाचवतं. आणि प्लास्टिकही शेवटी तेलातूनच आलेलं, त्याच्या कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होणारच. जपानच्या निप्पॉन स्टीलने २००० सालापासून दुसरी वाट धरली: कोक ओव्हनच्या कोळशात साधारण एक टक्का प्लास्टिक मिसळायचं. त्यातून सुमारे ४० टक्के तेल, ४० टक्के वायू आणि २० टक्के कोक मिळतो. मुंबईत जन्मलेल्या वीणा सहजवाला यांनी सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात विजेच्या भट्टीसाठी कोकच्या काही भागाऐवजी जुने टायर आणि प्लास्टिक वापरण्याची पद्धत शोधली, आणि ती ऑस्ट्रेलियाच्या कारखान्यांत चाललीही.

आज इथल्या भंगारच्या गोदामांत फिरले. या भागात स्टीलची भांडी घडवणारे कारखानेही पुष्कळ आहेत, बफिंगचा आवाज गल्लीत घुमतो. गोदामात बायका जमिनीवर बसून माल निवडतात. बाटली वेगळी, एलडी पॉलिथीन वेगळं, एचडी वेगळं, पीव्हीसी बाजूला. हात इतके तयार की नुसत्या स्पर्शाने ओळखतात. हीच निवड भट्टीलाही हवी, कारण पीव्हीसीतलं क्लोरीन आत गेलं की हायड्रोक्लोरिक आम्ल होऊन नळ्या खातं. या कौशल्याला मजुरी मात्र फार थोडी मिळते, आणि याचा मला राग येतो.

ज्याचा पुन्हा दाणा होतो, ते भट्टीत घालू नये, असं माझं ठाम मत झालं आहे. बाटल्या आणि स्वच्छ पिशव्या यांना गिऱ्हाईक आहे. चकचकीत थरांची पाकिटं आणि खरकटं लागलेल्या पिशव्या कुणी घेत नाही, त्याच डोंगरावर आणि जाळ्यात जातात. भट्टी त्यांच्यासाठी हवी. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली, तरी पाकिटं थांबलेली नाहीत. आपल्या राज्यात धरमतर खाडीकाठी डोलवीला मोठी झोतभट्टी आहे, म्हणजे अंतर हा अडथळा नाही. घराघरांत ओला-सुका कचरा एकत्र होतो, हा आहे. आमटीत भिजलेलं पाकीट आधी धुवा, वाळवा, दळा, मग दाणा करा. या खर्चात हिशेब बसत नाही.

भिलाईत तुमच्या निवृत्त मित्रांना हे वाचून दाखवा. भट्टीला किती क्लोरीन चालेल, किती ओलावा, केवढा दाणा, हे तुमच्यासारख्यांनी कागदावर मांडलं, तर इथल्या बायका तसा माल निवडून देतील आणि त्याचा भावही मागू शकतील. अण्णा, यावर नक्की लिहा.

आपली,
वासंती