न झालेला सामना

२०२२ च्या जानेवारीत गुडघ्याच्या दुखण्याने मला अंथरुणास खिळविले आणि मढच्या घराच्या खिडकीतून, बांबूंच्या आडव्या दांड्यांवर जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले बोंबील वाळताना पाहणे एवढाच उद्योग उरला. त्याच सुमारास खाडीपलीकडे, अंधेरीच्या क्रीडासंकुलात आणि नवी मुंबईत, आशिया चषकासाठी स्त्रियांचे संघ फुटबॉल खेळत होते. यजमान भारताने इराणशी गोलशून्य बरोबरी साधली. परंतु २३ तारखेच्या सामन्यास, करोनाने संघ ग्रासल्यामुळे, नियमास पुरतील इतक्या खेळाडूही रुजू होऊ शकल्या नाहीत, आणि आपल्याच अंगणातील स्पर्धा आपल्यापुरती संपली. ती हळहळ माझ्या मनातून जाईना. हरण्याचे दुःख कालांतराने ओसरते. हरण्याचीही मुभा न मिळाल्याचे दुःख कोठे ठेवावे, हे त्या पडून राहण्याच्या दिवसांत मला उमगले नाही, आजही उमगलेले नाही.

एप्रिलमध्ये मुंबई सिटीने रियाधला इराकच्या वायुदल संघास २-१ असे नमवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान मिळविला. ऑगस्टमध्ये जागतिक महासंघाचे फर्मान सुटून भारतीय महासंघ निलंबित झाला, आणि महिना संपण्यापूर्वी तो हुकूम रद्दही झाला. डिसेंबरात कतारला फ्रान्सशी ३-३ अशा बरोबरीनंतर मेस्सीचा अर्जेंटिना पेनल्टींवर जगज्जेता ठरला. त्या वर्षातील सर्वोत्तम सामना तोच, याविषयी वाद नाही. मला मात्र अधिक आठवतो तो नवी मुंबईत खेळलाच न गेलेला.