पाळी, कळ आणि चमक

मराठीच्या वर्गात ‘प्रयोजन’ आणि ‘प्रेरणा’ या दोन संज्ञांतला भेद समजावून सांगणे हे आमचे दरवर्षीचे काम. आम्ही दोघे सहकारी अठरा-वीस वर्षे ते करीत आलो आहोत. मम्मटाने अकराव्या शतकात ‘काव्यप्रकाशा’त काव्याची सहा प्रयोजने सांगितली: यश, अर्थप्राप्ती, व्यवहारज्ञान, अशुभाचे निवारण, तत्काळ लाभणारा परमानंद आणि प्रिय पत्नीने करावा तसा गोड उपदेश. अशुभनिवारणासाठी त्याने मयूर कवीचे उदाहरण दिले आहे. सूर्याची स्तुती रचल्यावर मयूराचा कुष्ठरोग गेला, अशी आख्यायिका. प्रयोजन म्हणजे कृतीतून काय मिळणार याचे उत्तर. प्रेरणा म्हणजे कृती मुळात सुरू का होते याचे उत्तर. एक पुढून खुणावते, दुसरी मागून ढकलते. विद्यार्थी हे टिपून घेतात, परीक्षेत लिहितात आणि सुटतात. हा भेद आम्हाला पुस्तकाबाहेर भेटला तो मात्र अगदी अनपेक्षित ठिकाणी: वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन वर्गात.

मराठीच्या अध्यापकांचे तिथे काय काम, असा प्रश्न वाचकांना पडेल. २०१९ साली एमबीबीएसचा नवा, क्षमताधारित अभ्यासक्रम लागू झाला. त्यात आरंभी एक पायाभूत वर्ग आला आणि त्या वर्गात भाषेसाठीही तास राखले गेले. हेतू सरळ होता: रुग्ण ज्या भाषेत दुखणे सांगतो ती भाषा डॉक्टराला कळावी. आमच्या पट्ट्यात तर या हेतूचे समर्थनही करावे लागत नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना उभा राहिला. पुढे औद्योगिक वसाहत आली, १९८२ साली महानगरपालिका झाली, आणि मग नाशिक रस्त्याने भोसरी, मोशी ओलांडून कारखाने चाकणला जाऊन भिडले. कारखान्यांमागून माणसे आली. लातूर-बीडची आली, बुलडाणा-यवतमाळची आली, खानदेशातून आली, उत्तरेकडूनही आली. येथल्या दवाखान्याच्या रांगेत एक मराठी नसते; चार-पाच मराठी एकमेकींना लागून उभ्या असतात. आणि खासगी वैद्यकीय महाविद्यालयातला विद्यार्थी जयपूरचा, कोचीचा किंवा दिल्लीचाही असू शकतो.

अशाच एका वर्गाला मराठी शिकवण्याचे काम आमच्याकडे आले. प्रवेश लांबल्यामुळे त्या वर्षीचा पहिला वर्ग फेब्रुवारी २०२१ मध्ये सुरू झाला, आणि थोड्याच आठवड्यांत करोनाच्या दुसऱ्या लाटेने तो पडद्यावर नेला. विद्यार्थी आपापल्या गावी परतले. आमच्यासमोर उरले काळे चौकोन, प्रत्येकात एकेक नाव. प्रश्न विचारला की शांतता. नाव घेऊन विचारले की बऱ्याच वेळाने ‘यस सर’, नाहीतर ‘नेटवर्क गेलं होतं, मॅडम’. शरीररचनाशास्त्राच्या अध्यापकांचा अनुभवही वेगळा नव्हता. नव्या अभ्यासक्रमात मृतदेहाला विद्यार्थ्याचा पहिला गुरू मानावे असा एक पाठच आहे. त्या वर्षी तो गुरू चित्रफितीतून भेटत होता. चित्रफीत थांबवता येते, पुन्हा पाहता येते, दुप्पट वेगानेही पाहता येते. आणि ज्याला दुप्पट वेगाने पळवता येते त्याच्यापुढे मान आपोआप झुकत नाही.

या मरगळीला आळस हे नाव देणे सोपे होते. पण ज्या मुलांनी दोन-दोन वर्षे एकाच प्रवेशपरीक्षेसाठी स्वतःला कोंडून घेतले, त्यांना आळशी कसे म्हणावे? प्रयोजनांची तर त्यांच्याकडे रास होती. यश होते, अर्थप्राप्ती होती, आईवडिलांची पुण्याई आणि कर्जाचे हप्तेही होते. मम्मटाची निम्मी यादी तरी त्यांच्या बाजूने उभी होती. कमी पडत होते ते दुसरेच काही.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात मांडलेली उपपत्ती येथे उपयोगी पडते. माणसाची आतली ओढ तीन गरजांवर जगते, असे ते म्हणतात: आपण आपल्या मर्जीने करतो आहोत ही भावना, आपल्याला जमते आहे ही भावना, आणि आपण कोणाशी तरी जोडलेले आहोत ही भावना. ऑनलाइन वर्गात पहिली भरपूर होती; पाहिजे तेव्हा पाहा, पाहिजे तिथे थांबवा. दुसरी पर्यायी उत्तरांच्या चाचण्यांतून थोडीफार मिळत होती. तिसरीचा पत्ता नव्हता. आमचे त्यावर थोडे पुढचे म्हणणे आहे. वैद्यकात ही जोडणी केवळ गुरू आणि शिष्य यांची नसते. तिथे एक तिसरा माणूस असतो, आणि खरी ओढ त्याच्या दिशेची असते. पडद्यावर शिक्षक दिसत होते, विद्यार्थी निदान नावाने तरी होते. नव्हता तो रुग्ण.

आमच्याकडे रुग्ण नव्हते, पण माणसे होती. आमच्या कला शाखेत शिकणाऱ्या मुलामुलींची घरे चिखलीत, मोशीत, तळवड्यात. त्यांचे आईवडील, मावश्या, मामा चाकण-भोसरीच्या कारखान्यांत. आम्ही त्यांच्या संमतीने जोड्या लावल्या. एका वैद्यकीय विद्यार्थ्याने एका घरी फोन करायचा, घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाशी पंधरा मिनिटे बोलायचे आणि जुन्या-नव्या दुखण्यांबद्दल ते ज्या शब्दांत सांगतील ते शब्द जसेच्या तसे उतरवून आणायचे. फोनवर आमचा विद्यार्थी दुभाष्या म्हणून बसायचा. सल्ला द्यायचा नाही, औषध सुचवायचे नाही, फक्त ऐकायचे.

जे शब्द आले त्यांनी वर्ग भरून गेला. कळ, चमक, ठणका, मुरडा, उसण, रग, जळजळ, कणकण, ढास, भोवळ. इंग्रजीतला एकच ‘पेन’ धरून बसलेल्या मुलांना कळले की कळ येते, ओसरते आणि परत येते. ठणका नाडीबरोबर उडतो, म्हणून तो दाढेला आणि पिकलेल्या गळवाला शोभतो. चमक क्षणात निघून जाते. उसण पाठीत भरते, पोटात कधी भरत नाही. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली वेदनेच्या शब्दांचे वीस गट पाडून एक प्रश्नावली सिद्ध केली. वेदनेचे विशेषण हीच निदानाची खूण असू शकते, हे त्यामागचे सूत्र. आमच्या आयाबायांचे वर्गीकरण त्याहून जुने आहे, फक्त कोणी ते छापलेले नाही.

एका विद्यार्थिनीने लिहून आणले, ‘पाळी बदलली की पोट बिघडते.’ तिने शब्दकोश पाहून मासिक धर्माविषयी नीट टिपण तयार केले होते. दुभाष्या मुलगी हसू आवरत म्हणाली, ‘अगं, आत्याची ती पाळी कधीच थांबली. ही कंपनीतली पाळी!’ रात्रपाळीचा आठवडा आला की जेवणाच्या वेळा उलटतात आणि पोट बिघडते, एवढाच त्याचा अर्थ. एका शब्दावर स्त्रीरोगाची वाट धरायची की कामाच्या वेळांची, हे ठरत होते. त्या दिवशी कॅमेरे सुरू झाले. कोणी सांगितले नव्हते.

दुसऱ्या एका मुलाने ‘जीव घाबरा होतो’ याचा अर्थ ‘भीती वाटते’ असा लावला होता. लाटेचे दिवस होते, भीती कोणाला वाटत नव्हती? आमच्या विद्यार्थ्याने मात्र खुलासा केला की त्याच्या आजीला भीती कसलीच वाटत नाही. जिना चढला की छातीत धडधडते आणि श्वास पुरत नाही, त्याला ती तसे म्हणते. मुलगा क्षणभर गप्प राहिला, मग त्याने विचारले, ‘सर, त्यांना कोणी तपासलंय का?’ आजींना दुसऱ्याच दिवशी महापालिकेच्या रुग्णालयात नेले. रक्तदाब बराच वाढलेला निघाला, गोळ्या सुरू झाल्या. त्या मुलाने पुढचे तीन आठवडे दर रविवारी फोन केला. तो अभ्यासक्रमात नव्हता. रक्ताभिसरणाचा पाठही त्याने त्याच आठवड्यांत मन लावून वाचला, असे त्याने आपणहून सांगितले.

यावरून कोणताही सिद्धान्त मांडण्याचा आमचा अधिकार नाही. काही चौकोन शेवटपर्यंत काळेच राहिले. फोन म्हणजे रुग्णशय्या नव्हे. नाडी कानाने मोजता येत नाही. पण सगळा दोष अंतरावर टाकणेही आम्हाला पटत नाही. आनंदीबाई जोशी १८८३ ते १८८६ या काळात फिलाडेल्फियात शिकल्या, तेव्हा ज्यांच्यासाठी शिकायचे त्या बायका समुद्रापलीकडे होत्या आणि पत्र पोहोचायला आठवडे लागत. जाण्यापूर्वी श्रीरामपूर येथील भाषणात त्यांनी हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची गरज आहे हेच कारण पुढे ठेवले होते. त्यामागे दहा दिवसांचे होऊन गेलेले स्वतःचे मूल होते. माणसे दूर असली तरी चालते. ती मनात असावी लागतात.

आज वर्ग पुन्हा भिंतींच्या आत आले आहेत, पण पडदा गेलेला नाही. व्याख्यानाच्या बाकावर बसून पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या अ‍ॅपवरचे व्याख्यान ऐकणारे विद्यार्थी आता कोणाला नवे वाटत नाहीत. वॉर्ड दोन जिने खाली असतो, रुग्ण कण्हत असतो, आणि प्रयोजन त्याच्यावरून उडी मारून थेट क्रमांकाकडे जाते. हाताच्या अंतरावर असलेला माणूसही मग समुद्रापलीकडचा होतो.

आमच्या कला शाखेच्या मुलांविषयी एक शेवटचे सांगायला हवे. ‘मराठी घेऊन काय करणार?’ हा प्रश्न ती घरी, नातलगांत, नोकरीच्या मुलाखतीत ऐकत आली होती. त्या महिन्यात होणारे डॉक्टर त्यांना विचारत होते, ‘कळ आणि चमक यांत फरक काय?’ आणि ती उत्तर देत होती. आत्याच्या, आजीच्या तोंडच्या शब्दांवर बोट ठेवून, अर्थाच्या छटा उलगडून. त्यांच्यापैकी दोघीतिघींनी पुढे बोलीभाषेचा प्रकल्प आरोग्याच्या शब्दांवरच केला. गुण त्यात नेहमीएवढेच होते. त्यांच्या शब्दाची कोणी तरी वाट पाहत होते, एवढेच वेगळे होते.